दुसऱ्या तबकडीवरचे ‘बे’

जे. पी. नगरच्या भगवंतरावांकडे दोनशे अकरा मराठी चित्रपट होते आणि प्रत्येकाचे दोन तुकडे होते. व्हीसीडीची रीतच ती: पहिल्या तबकडीवर भांडण, दुसरीवर समेट. बाजारात हाती लागे ती बहुधा पहिली. दुसरी म्हणून घेतली, तर आत कन्नड भजने निघत.

एका दुसऱ्या तबकडीपायी मात्र त्यांनी नऊ वर्षे पत्रे धाडली होती. बेळगावजवळ, त्यांच्या पत्नी जमनाबाईंच्या माहेरी, एका चित्रपटाचे चित्रण झाले होते. शेवटच्या पंगतीत वाढणाऱ्या पोरींत आपण होतो, पदर खोचून वळलो आणि हसलो, असे त्या सांगत. त्यांना जाऊन वीस वर्षे झाली. मागे फोटो राहिले. हलणारी, हसणारी जमनाबाई दुसरीकडे कुठेच नव्हती. तो चित्रपट इंटरनेटवरही नव्हता.

मंगळवारी धारवाडहून ती तबकडी आली. प्लेअर दुरुस्तीला गेलेला. भगवंतरावांनी ती पाकिटात घातली आणि वर ‘बे’ लिहिले. त्यांचे शिंपी वडील कापड मोजताना ‘दोन’ म्हणत नसत. एक, बे, तीन. त्यामुळे घरातल्या सगळ्या पहिल्या तबकड्यांवर ‘एक’ होते, दुसऱ्यांवर ‘बे’.

शनिवारी प्लेअर घेऊन ते परतले, तो गॅलरीत दोऱ्यांवर चकत्या लखलखत होत्या.

“कबुतरांसाठी, मामा,” कन्नड सून चंदना म्हणाली. “चमकलं की फिरकत नाहीत म्हणे.”

“कुठल्या घेतल्यास?”

“तुम्हीच लिहून ठेवलंत की. बे. म्हणजे बेडा, नको असलेल्या. ‘एक’ला मी हातसुद्धा लावला नाही.”

मुलगा रणजीत हसत सुटला. “अप्पा, दोनशे सिनेमांचे शेवट वाळत घातलेत हिनं. असू देत. शेवटी लग्नच लागतं सगळ्यांचं.”

“तुझी आई आहे त्यात.”

“असं तीच म्हणायची ना? चित्रण झालं म्हणून सिनेमात ठेवतातच असं नाही.”

भगवंतरावांनी नाव वाचून तबकडी शोधली. दोन्हीकडून चमकावे म्हणून चंदनाने दोन-दोन तबकड्या छापील बाजूंनी गोंदाने चिकटवल्या होत्या. ती जाड जोडी प्लेअरमध्ये बसेना. तबकडीतले चित्र चमकत्या बाजूला नसते, छापील थराच्या लगत असते, हे त्यांना पाठ होते. कुणी विचारले असते, तर पाते लावू नका, असे त्यांनीच बजावले असते. तरी दाढीचे पाते आणले ते त्यांनीच, आणि कडेने हळूहळू फिरवले तेही त्यांनीच.

जोडी सुटली. चित्र धरून ठेवणारी सगळी चांदी गोंदासकट जोडीच्या तबकडीवर गेली. हातात नुसते पारदर्शक प्लास्टिक उरले. त्यातून गॅलरी स्वच्छ दिसत होती. दोरीवर कबुतर बसले होते.

जमनाबाई त्यात होती की नव्हती, हे आता रणजीतला दाखवता येणार नव्हते.

चंदनाने केराची टोपली पुढे केली. “ही तर आता बेडाच ना, मामा?”

“सरी, बरोबर,” भगवंतराव तिच्याच कन्नडात म्हणाले.