मोतीरामच्या तोंडातली काडी

धामणगाव बढ्याच्या आमच्या गल्लीत, मोतीरामच्या अंगणात जे रक्त सांडलं, ते आधी हे लिहिणाऱ्याच्या मोबाईलमधून निघालं होतं. झालं असं, की पँटची लांबी कमी करून आणायला म्हणून हा गडी पुष्पांजलीच्या घरी गेला. दारातूनच दिसलं : म्हातारा मोतीराम अंगणात उभा, अंगात गादीच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाचा पायघोळ झगा, दातांत कडब्याची एक काडी आडवी धरलेली, आणि मागं त्याची पोरगी पुष्पांजली तो झगा त्याच्या पाठीवरच सुईनं शिवून राह्यलेली. ज्या मोतीरामला पाहून आमच्या बापांनी रस्ते बदलले, तो मेंढरासारखा उभा! असं दृश्य वाया घालवणं बारावी पास माणसाला शोभत नाही. पँट दाराशी ठेवली, व्हिडिओ काढला, गावाच्या ग्रुपवर टाकला आणि वर अक्कल पाजळून लिहिलं, 'धामणगावच्या वाघानं शेवटी दाती तृण धरलं.' गाव पोट धरून हसलं. त्या ग्रुपमध्ये मोतीरामचा मलकापूरला राहणारा पोरगा शेखरही आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात राह्यलं नाही. लिहिणाऱ्याच्या तर नाहीच नाही.

आता लिहिणाऱ्यानं कोपऱ्यात बसावं. गोष्ट पुष्पांजलीची आहे.

मोतीराम उमर होती तोवर जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचा. त्याचे हात फावड्यासारखे. त्याची थापड बसली की माणूस आधी पडे आणि आवाज मागून येई, असं जुने लोक अजूनही कौतुकानं सांगतात. कौतुक करणाऱ्यांनी ती खाल्लेली नव्हती. खाल्ली ती त्याच्या बायकोनं, सरस्वतीबाईनं. भाजीत मीठ कमी पडलं तर एक, जास्त पडलं तर दोन, आणि बरोबर पडलं तर 'आज काऊन बरोबर पडलं' म्हणून. दुसऱ्या दिवशी हातपंपावर ती सुजलं तोंड घेऊन येई आणि पायरीवरून पडली म्हणे. त्या घराला पायरी नाही. बाया माना हलवत आणि घागरी भरत.

पुष्पा लहान होती तेव्हा एकदा आईला वाचवायला मधे शिरली. थापड आईची होती, बसली तिला. डावा कान गेला तो गेलाच. आत पिठाची चक्की सुरू झाली, ती अजून बंद नाही. त्या दिवशी कानातून येणारं रक्त आईनं पदरानं टिपलं, तेव्हा पोरगी रडली नाही. म्हणाली, "माही बी एक राह्यली त्याच्यावर."

सरस्वतीबाई म्हणाली, "मोठी हो, मंग दे. तवर उधार समज."

ती मोठी झाली, लग्न झालं. नवराही हाताचा सैल निघाला. बापात आणि त्याच्यात फरक एवढाच, की तो लवकर दमायचा. काही वर्षांनी ती एक शिलाई मशीन आणि एक पेटी घेऊन माहेरी परत आली, आणि ब्लाऊज, परकर, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या यांवर पोट भरू लागली. मग आई गेली. आई गेली तशी मोतीरामची अक्कल पण तिच्या मागं मागं चालती झाली. त्याला घर आठवेना, गाव आठवेना, तो भर बाजारात नागडा हिंडू लागला. आठवायचं ते हाताला. हात काहीच विसरला नव्हता.

तेव्हा शेखर मोठ्या ऐटीत पुढं झाला. पोरगा असताना बाप पोरीच्या घासावर कशाला, म्हणून मोतीरामला मलकापूरला घेऊन गेला. गावानं त्याला शाबासकी दिली. दिवाळीत पुष्पा चकल्यांचा डबा घेऊन भेटायला गेली, तर बाप मागच्या पत्र्याच्या खोलीत, बाजेच्या पायाला नायलॉनच्या दोरीनं बांधलेला. दोरी घोट्यात रुतली होती, तिच्या दोन्ही बाजूंनी कातडी सुजून वर आली होती, आणि मोतीराम स्वतःच्याच पायाला शिव्या देत मुठीनं मारत होता. माश्यांना हटवायलाही कोणी नव्हतं. पुष्पानं डबा तिथंच ठेवला, कपडे कापायच्या कात्रीनं दोरी कापली आणि बापाला एसटीत घालून घरी आणलं. वाटेत त्यानं तिचं मनगट चावलं.

त्या दिवसापासून तिचा एकच हट्ट : काही झालं तरी याच्या पायाला पुन्हा दोरी लागू द्यायची नाही. समोरच्या शालूबाईनं विचारलं, एवढं मारलं त्यानं, तरी माया हाय का व तुले? पुष्पा म्हणाली, मायेचं मले माईत नाही, पण माही उधारी हाय, आन बांधेल माणसाकडून उधारी वसूल करता येत नाही.

आता बांधायचं नाही तर नागडा हिंडू द्यायचं का? पुष्पानं डोकं चालवलं. लहान लेकराचं झबलं मागून उघडतं ना, तसा तिनं बापाला झगा शिवला, गादीच्या जाड कापडाचा, कारण दुसरं कोणतंही कापड तो टराटरा फाडी. मागं बटणं लावली, ती त्यानं भिंतीला पाठ घासून तोडली. हूक लावले, ते उपटताना बोट फाडून घेतलं. मग तिनं सरळ पाठीवरच टाके घालायचं ठरवलं. सकाळी उसवायचं, आंघोळ घालायची, पुन्हा अंगावर शिवून टाकायचं. म्हाताऱ्याचे हात पाठीमागं वळत नसत. मारण्यापुरते मात्र सगळीकडं वळत.

आंघोळ म्हणजे रोजची लढाई. तो गडू फेकून मारी, केस ओढी, 'सरस्वते' म्हणून शिवी घाली आणि छातीत गुद्दा देई. एकदा तिची भुवई फुटली. ब्लाऊज न्यायला आलेल्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं, तर पुष्पाच्या तोंडून गेलं, पायरीवरून पडली. आणि मग तिचं तिलाच हसू आलं.

शिवणं सोपं गेलं ते काडीमुळं. अंगावरचा कपडा शिवू नये, शिवला तर माणसाची अक्कल शिवल्या जाते, आणि शिवायचाच असेल तर त्यानं तोंडात काडी धरावी, बोलू नये, हलू नये, हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. सरस्वतीबाई तसंच करायची. जिनिंगला निघायच्या घाईत सदऱ्याचं बटण तुटलं की मोतीराम दातांत काडी धरून उभा राही आणि ती त्याच्या छातीजवळ तोंड नेऊन टाका घाली. त्या घरात तेवढाच वेळ असा होता, की त्याचा हात त्या बाईच्या एवढ्या जवळ असून उठत नसे. पुष्पा दारामागून पाही आणि देवाला म्हणे, आणखी एक बटण तुटू दे.

पहिल्यांदा तिनं बापाच्या तोंडात काडी दिली ती नुसती रीत म्हणून. शालूबाई हसली सुद्धा, याची आता कोनती अक्कल शिवल्या जाईन व! पण काडी दातांत गेली आणि मोतीराम थांबला. मूठ उघडली, खांदे पडले, पाठ फिरवून तो उभा राह्यला. तेव्हापासून पुष्पा बाजेच्या सुंभात दोन-चार काड्या खोचून ठेवू लागली.

हे सगळं गावाला माहीत नव्हतं. गावाला व्हिडिओ माहीत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुष्पा अंगणात गोधडी पसरून बसली होती. शेजारी मशीन आणि कापड मोजायचा गज, बोटावर अंगुस्तानाची लोखंडी टोपी, हातात मोठी सुई. मोतीराम बाजेवर. शेखरची मोटारसायकल तिच्या डाव्या बाजूनं आली, म्हणजे आलीच नाही. पाठीत लाथ बसली तेव्हा तिला कळलं कोणीतरी आलं आहे.

"बापाले जनावर केलं का व?" शेखर म्हणाला. "गवत चारतं त्याले?"

ती सांगू लागली, दादा, ते काडी हाय, आईची रीत हाय. वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं तोंडावर मारलं. ओठ दातावर फुटला. शेखर मारता मारता बोलत होताच, की मलकापुरात लोक त्याच्या दुकानात येऊन हसतात, वाघाचा पोरगा म्हणतात, आणि ही इथं बसून खानदानाची इज्जत शिवते. मग त्यानं पिशवीतून दोरी काढली. नवीकोरी, पिवळी, नायलॉनची.

पुष्पानं दोरी पाहिली आणि गोधडी बाजूला सारली. शेखर बापाच्या पायाशी वाकला तशी तिनं दोरीचं टोक धरलं. त्यानं ओढलं, तिनं सोडलं नाही. त्यानं तिच्या हातावर बूट ठेवला आणि सगळा भार दिला. अंगुस्तान चेपून बोटातच बसलं, आत नख फुटल्याचं तिला जाणवलं. दुसऱ्या हातात सुई होती. ती तिनं शेखरच्या पोटरीत घातली, गोधडीचे सगळे थर एकदम ओलांडायचे असतात तशी, नेढ्यापर्यंत.

शेखर ओरडला आणि मग त्याचा ताबा सुटला. केस धरून त्यानं तिचं डोकं मशीनवर आपटलं. पुन्हा आपटलं. मशीन पालथी झाली, चाक तुटून अंगणात गडगडत गेलं. कुंपणापाशी अर्धी गल्ली उभी होती. शालूबाई सगळ्यांना 'अरे धरा रे' म्हणत होती आणि सगळे एकमेकांकडं पाहत होते. लिहिणाराही होता. या खेपेला मोबाईल खिशात होता आणि पाय जमिनीत.

तेवढ्यात बाज करकरली. मोतीराम उठला होता. त्याच्या हातात कापड मोजायचा लोखंडी गज होता. पहिला घाव शेखरच्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. कान वरून सुटून लोंबला. बाप पोरीसाठी उठला असं वाटून कुंपणापाशी एका बाईनं डोळ्याला पदर लावला. पण मोतीराम काय म्हणाला ते पुष्पानं आपल्या धड कानानं ऐकलं.

"माही बायको हाय ते. तिले मारीन तर मी मारीन."

शेखर पडला. म्हातारा मारतच राह्यला, जिनिंगमधल्या कामासारखा, एका लयीत, राग नसल्यासारखा. पाठीवर, बरगड्यांवर, डोक्यावर घेतलेल्या हातांवर. पुष्पा बसल्या जागी पाहत होती. तिनं एक मारू दिला. आणखी एक मारू दिला. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटत होतं. मग शेखरनं गुडघे पोटाशी घेतले आणि दोन्ही कोपरं तोंडासमोर धरली. तसं धरायची रीत त्या घरात एकाच बाईची होती.

पुष्पा उठली. सुंभातून एक काडी उपसली, गजाच्या खालून शिरली आणि बापाच्या उघड्या तोंडात घातली.

गज वरच थांबला. मोतीरामनं दात मिटले. गज हातातून गळून दगडावर वाजला. त्यानं पोरीकडं पाठ केली, खांदे पाडले आणि उभा राह्यला. वाट पाहून राह्यला होता, शिव म्हणून.

आता न शिवून चालत नव्हतं, कारण काडी किती वेळ धरील याचा भरवसा नव्हता. पुष्पानं शेखरच्या पोटरीतली सुई ओढून काढली, पदराला पुसली. त्याच सुईनं, चेपलेल्या बोटानं, तिनं बापाच्या पाठीवर टाके घातले. झगा कुठंच उसवलेला नव्हता. ती शिवलेल्यावरच शिवत होती. मागं शेखर रांगत रांगत फाटकाकडं गेला. फाटकापाशी उभा राहून त्यानं सांगितलं, की ठेव तुह्याजवळच, मेला तरी मले बोलावू नको. त्याच्या कानाला मोताळ्याच्या एका डॉक्टरनं टाके घातले. तिथं त्यानं मोटारसायकलवरून पडलो म्हणून सांगितलं. शेवटी पोरगा सरस्वतीबाईचा!

अंगुस्तान शालूबाईच्या नवऱ्यानं पकडीनं कापून काढलं. त्याबरोबर नखही निघून आलं. संध्याकाळी पुष्पानं बापाचा रक्तानं कडक झालेला झगा उसवला, आंघोळीचं पाणी काढलं. पाणी अंगावर पडताच त्यानं 'सरस्वते' म्हणून फाडकन दिली, दुपारी फुटलेल्याच ओठावर. तोंडात खारट रक्त आलं आणि पुष्पाला एकदम सगळंच आठवलं. कानातली चक्की, आई, नवरा, मशीनचं तुटलेलं चाक. समोर म्हातारा उघडा, ओला, भिंतीला टेकलेला. ना दोरी ना गज. वसुलीला यापेक्षा चांगली वेळ नव्हती.

तिनं हात उचलला. सुजलेला, चिंधी बांधलेला.

"आबा, माही एक राह्यली तुमच्यावर."

मोतीरामनं त्या वर गेलेल्या हाताकडं पाहिलं. मग तो बाजेकडं चाचपडत गेला, सुंभातून एक काडी काढली, स्वतःच तोंडात धरली आणि पाठ फिरवून उभा राह्यला.

शेखरची पिवळी दोरी अंगणातच पडली होती. दुसऱ्या दिवशी ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली दिसली, आणि तिच्यावर धुतलेला पट्ट्यापट्ट्याचा झगा. लिहिणाऱ्याची पँट शेजारीच होती, अजून लांबच. शालूबाईनं कुंपणावरून विचारलं, मंग देली का व त्याले?

पुष्पा डाव्या हातानं सुई ओवायला शिकत होती. दोरा चुकला, तिनं तो ओठात ओला केला, पुन्हा धरला.

"उधार हाय अजून," ती म्हणाली.