मास्तरांच्या सहीचा अभिप्राय

निजामाचं राज्य गेलं त्यानंतरची दोन-तीन वर्षं अंबडमध्ये सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेखक मी होतो. माझं एकही पुस्तक निघालेलं नव्हतं. मी दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर लिहीत असे, आणि तेही तिसऱ्याच्याच नावाने.

ही कृपा आमच्या शेठजींची. त्यांच्या आजोबांच्या आजोबांनी मारवाड सोडून इथे कापडाचं दुकान थाटलेलं. त्या दुकानाच्या माडीवर शेठजींनी मराठी वाचनालय काढलं आणि दोन पेट्या पुस्तकं मागवली. एकीत कादंबऱ्या. दुसरीत चित्रं कशी पाहावी, गाणं कसं ऐकावं, वर्तमानपत्र कसं चालतं, मुलांना कसं शिकवावं, असला ऐवज. पहिली पेटी चार महिन्यांत खिळखिळी झाली, दुसरीवर धूळ बसली. शेठजींचा जीव तुटला. त्यांनी नियम केला की कादंबरी पाहिजे त्याने आधी दुसऱ्या पेटीतलं एक पुस्तक न्यायचं, आणि परत आणताना मागे चिकटवलेल्या कोऱ्या कागदावर अभिप्राय लिहून सही ठोकायची. ती पुस्तकं शेठजी स्वतः वाचत नसत. अभिप्राय मात्र चष्मा पुसून, मोठ्यांदा वाचत.

गावातले शिकलेले लोक बहुतेक उर्दू शाळेतून निघालेले. घरात मराठी, कागदावर उर्दू; मराठी अक्षरं लावून वाचत, पण लिहिताना हात अडे. मी मामाकडे नगरला मराठी शाळेत शिकलो होतो आणि कचेरीत नकला उतरवण्याच्या कामावर होतो, त्यामुळे हात चालत असे. एक कप चहा पाजला की अभिप्राय तयार. भुसाराच्या एका व्यापाऱ्याच्या नावाने मी चित्रातल्या छायाप्रकाशावर असं काही पांडित्य पाजळलं होतं की शेठजी आठवडाभर त्याला वाकून नमस्कार करत होते. पुस्तक उघडायची गरज मला कधी पडली नाही.

मग एक दिवस मास्तर आले.

हे मूळचे वाटूरचे, शेतकरी घरातले, वीस वर्षं उर्दूतून शिकवलेले. आता शाळा मराठी झाली होती. हुकूम आला होता की जुन्या शिक्षकांनी शिक्षणावरचं एक मराठी पुस्तक वाचावं, त्यावर लिहून ठेवावं, तपासनीस येऊन परीक्षा घेतील. जमलं तर नोकरी राहील, नाही तर घरी. मास्तरांच्या घरात खाणारी तोंडं सात होती, आणि भावांनी जमीन कधीच वाटून घेतली होती.

त्यांनी शाळेत गाणं शिकवण्यावरचं पुस्तक नेलं होतं. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, दोन महिन्यांत संपवलं होतं. मला म्हणाले, "भाऊ, वाचलं म्या बराबर. लिवता येऊन न्हाई राह्यलं. तुमी मांडून द्या."

मी विचारलं, काय मांडू? ते जरा लाजले आणि सांगू लागले. "पुस्तकवाला म्हणतो, पोरान्ला कवाबी गायला लावा. तसं न्हाई. मी पाढे गाऊन घेतो ते पहिल्या तासाला. तिसऱ्या तासाला पोट रिकामं असतंय, मंग पोरगं तोंड हलवतं, आवाज निघत न्हाई. त्यानं दुपारची शाळा पाह्यलेली न्हाई."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, हे काय लिहायचं? तपासनीस येणार, म्हणजे माझा पहिला खरा वाचक येणार. मी बाह्या सरसावल्या. नादब्रह्माचं अधिष्ठान आणलं, प्राच्य आणि पाश्चात्य मतांचा समन्वय आणला, ग्रंथकर्त्याच्या प्रज्ञेला वंदन केलं. मास्तरांना वाचून दाखवलं तेव्हा ते खूश झाले. "लै भारी वाटतंय," म्हणाले, आणि जीभ दातात धरून मराठीत सही केली.

तपासनीस आले ते शेठजींच्या माडीवरच बसले. गादी, लोड, पेढे. आम्ही वाचक भिंतीला टेकून. तपासनीसांनी मास्तरांचा अभिप्राय वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "भाषा सुंदर आहे." माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू? शेजारच्याला मी कोपरसुद्धा मारलं.

मग त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "हा समन्वय ग्रंथकर्त्याने कुठे साधला आहे, तेवढं सांगा."

मास्तर उभे राहिले. "साहेब, तिसऱ्या तासाला पोरं..."

"ते नको. जे लिहिलंय ते सांगा."

साहेबांनी कागद पुढे करून पहिलीच ओळ वाचायला लावली. नादब्रह्माशी मास्तर अडकले, सुटले, पुन्हा अडकले. कोणी तरी हसलं.

"सही तुमचीच ना?"

"जी. माझीच."

एवढं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उठायला हवं होतं. पण माडीवरच्या निम्म्या कागदांवर माझंच अक्षर होतं, सह्या करणारे सगळे समोर बसले होते, आणि शेठजींच्या डोळ्यांतला आनंद मला मोडवेना. ही सगळी कारणं मला नंतर सुचली. त्या वेळी मी फक्त घाबरलो होतो.

महिन्याभरात मास्तरांना कमी केल्याचा कागद आला. ते बिऱ्हाड घेऊन वाटूरला निघाले त्या सकाळी मी मोटारस्टँडवर गेलो. जालन्याची गाडी लागली होती, ट्रंका टपावर चढत होत्या. बायको-पोरं आत बसली होती. काय बोलायचं ते मी वाटेने घोकून आलो होतो, आणि ते बरंच सुंदर होतं.

मास्तरांनी मला बोलूच दिलं नाही. बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊ, आता सांगा. तुमी लिवलं व्हतं त्याचा मतलब काय व्हता? दोन महिने मी ते पुस्तक वाचलं. त्यात कुठं व्हतं ते?"

मी सांगू लागलो. नाद म्हणजे, प्राच्य म्हणजे, असं करत दोन-तीन वाक्यं झाली असतील. ते वर्गात एखाद्याचं चुकणारं गणित ऐकावं तसं शांत ऐकत होते. मग मीच थांबलो.

"असू द्या," म्हणाले, आणि गाडीत चढले.