विहीणबाईंच्या हातचा चहा

मॉनिटरवर कौसाबाईंची नाडी बहात्तर होती आणि तिथून हलायला तयार नव्हती. शिरेतून औषध सुरू होऊन तीन मिनिटं झाली होती. मी माइकचं बटण दाबलं.

"मावशी, छाती जड वाटतेय का? धाप?"

"काईच नाय बाई. झोप यायलीय."

एमआरआयच्या खडखडाटात झोप येणारे पेशंट मी पाहिलेत. पण हे औषध चालू असताना कुणाला झोप येत नाही. मी खुर्चीत सरळ बसले.

थोडं समजावून सांगते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या, तरी माणूस बसून असताना ते सहसा कळत नाही. काम पडलं की कळतं. म्हणून ट्रेडमिलवर चालवतात. कौसाबाईंचे गुडघे गेलेले, त्या काय चालणार? अशांसाठी औषध देऊन एमआरआय करतात. औषधानं चांगल्या नळ्या रुंद होतात, भरपूर रक्त ओढतात आणि अडलेल्या मागे पडतात. त्याच वेळी दुसऱ्या हातातून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्त फोटोत उजळ दाखवणारा द्रव, सोडून फोटो काढायचे. जिथं रक्त नीट पोचत नाही तो भाग काळा दिसतो. औषध लागू पडलं की नाडी वाढते, तोंड तापतं, छाती दाटते. बंद केलं की लगेच ओसरतं. या औषधाचा एकच हाडवैरी, तो म्हणजे चहा. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याचं काही चालू देत नाही. म्हणून आदले चोवीस तास दोन्ही बंद.

कौसाबाई पाचोडजवळच्या गावात अंगणवाडी सेविका होत्या. चढ चढताना छातीवर कुणीतरी हात दाबून धरल्यासारखं व्हायचं. गावानं ते पित्त ठरवून टाकलं होतं आणि ईसीजीही साधाच आला होता. त्यांची मुलगी मीना शेंद्र्याला कंपनीत नोकरीला. सुपरवायझरशी भांडून रजा काढून ती आईला घेऊन आली होती. तपासणी नॉर्मल आली असती तर कौसाबाई पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी गेल्या असत्या. मग एखाद्या दिवशी त्या चढावरच कोसळल्या असत्या. मला त्याचीच धास्ती होती.

आमचे रेडिऑलॉजिस्ट रिझवी सर शेजारच्या स्क्रीनवर फोटो बघत होते.

"एकदम क्लीन. कुठंच काळं नाही. पुढचा पेशंट घ्या, जोगदंड मॅडम."

"सर, नाडी हलली नाही."

"काहींची कमी हलते."

"मग प्लीहा बघा."

प्लीहा पोटात डाव्या बाजूला असते. औषध लागू पडलं की फोटोत ती काळवंडते. कौसाबाईंची लख्ख उजळ होती. सरांनी चष्मा कपाळावर सारला आणि स्क्रीनला नाक लावलं.

"चाय?" ते एवढंच म्हणाले.

"तीनदा विचारलंय. फॉर्मवर 'नाही'ची खूण आहे, खाली सही आहे."

"फिर पूछो."

मी आत गेले, कौसाबाईंना मशीनबाहेर घेतलं, उठून बसवलं. "मावशी, सकाळी चहा घेतला होता का?"

"नाय बाई." पण नजर दाराकडे. दाराबाहेर मीना बसली होती.

मी फॉर्म बाजूला ठेवला आणि त्यांच्याशेजारी टेकले. रात्री त्या मीनाच्या सासरी, सिडकोत उतरल्या होत्या, हे मला बोलण्यात कळलं होतं.

"विहीणबाई कशा आहेत हो स्वभावाला?"

बाईंचा चेहरा खुलला. "लई चांगल्या हायत. मानपान सांभाळत्यात. मीना आंघुळीला गेल्ती, तवर सोत्ता चहा केला माझ्यासाठी. आलं घालून, निस्त्या दुधाचा."

"कपभर?"

"दोन. दुसऱ्याला नको म्हणलं तर वाईट दिसतं न."

मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"मीनाला नका सांगू, लई वरडल ती. पर लेकीच्या सासरी चहाला नाय कसं म्हणायचं? उद्या तिलाच ऐकावं लागतंय."

खरं तर मी चिडायला हवं होतं. सकाळचा पाऊण तास वाया गेला होता. पण मला माझी आई आठवली. मधुमेह असूनही माझ्या सासरी ती साखरेचा चहा हसत प्यायची आणि मी स्वयंपाकघरातून बघत राहायचे. माझ्याच्यानं कौसाबाईंना रागावणं झालं नाही.

मीनाला सांगितलं, औषध लागू पडलेलं नाही, परवा परत यावं लागेल. मग विहीणबाईंना मीच फोन लावला. "परवाची तपासणी होईपर्यंत कौसाबाईंना चहा-कॉफी बंद. जबाबदारी तुमची."

"अहो, आधी सांगायचं ना! आता घरात चहाच होणार नाही," त्या म्हणाल्या. आणि खरंच दोन दिवस त्यांनी कुणालाच चहा दिला नाही. जावई मग टपरीवर जाऊन प्यायचा, असं मीनानं नंतर सांगितलं.

दोन दिवसांनी तेच औषध, तोच खडखडाट. दुसऱ्याच मिनिटाला नाडी अठ्ठ्याण्णव.

"बाई, दाबायलंय! तेच, चढावरचं!"

"अजून एकच मिनिट, मावशी. सर तुमच्या शेजारीच उभे आहेत."

प्लीहा काळी पडली होती. पण या वेळी हृदयाची पुढची भिंतही काळी होती. सर बाहेर आले, स्क्रीनसमोर थांबले आणि त्यांनी स्वतःच कार्डिऑलॉजिस्टला फोन लावला. अँजिओग्राफीत दोन नळ्या अडलेल्या निघाल्या. स्टेंट बसवले. दिवाळीनंतर कौसाबाई मला भेटायला आल्या त्या जिना चढून, वाटेत गुडघ्यांना शिव्या देत. छातीचं नावही काढलं नाही.

त्या आठवड्यात मी फॉर्म बदलला. 'चहा घेतला का?' हे खोडलं आणि लिहिलं, 'शेवटचा चहा कुणाच्या हातचा घेतलात?' सर हसले, पण त्यांनी सही केली. चहाबद्दल विचारलं की लोक नियम आठवून उत्तर देतात. माणसाबद्दल विचारलं की खरं सांगतात. माझ्या सगळ्या नोकरीचं शहाणपण एवढंच.

आता रिटायर होऊन काही वर्षं झाली. त्या थंडगार खोलीची, खडखडाटाची आणि रिझवी सरांच्या कपाळावरच्या चष्म्याची फार आठवण येते. गेल्या महिन्यात मला स्वतःलाच त्या मशीनमध्ये जायची वेळ आली. माझ्या जागी आलेल्या मुलीनं फॉर्म पुढे धरला.

"मॅडम, शेवटचा चहा कुणाच्या हातचा?"

"काल सकाळी, घरी," म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबले. तासाभरापूर्वी गेटवर कॅन्टीनवाल्या सलीमभाईंनी मला ओळखलं होतं. "मॅडम, कितने दिनों बाद!" म्हणत हातात कप दिला होता, माझा नेहमीचा, आल्याचा. त्यांचे केस पार पांढरे झाले होते. मी अर्धा कप प्यायले होते. आणि तो मला चहा वाटलाच नव्हता.

मी सलीमभाईंचं नाव सांगितलं. "परवा या, मॅडम," ती मुलगी म्हणाली. मला तिचा फार अभिमान वाटला.

तपासणी तर गेलीच होती. मी खाली गेले आणि राहिलेला अर्धा कप सलीमभाईंकडून मागून घेतला.