धावड्याच्या डोंगरावरची बारा ठिकाणं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? पोटात ठेवून ठेवून थकलो, एवढंच खरं.

नव्वदनंतरची गोष्ट. धावड्याच्या डोंगरावर वणवा लागून तीन वर्षं झाली होती. जळालेलं जंगल परत येतंय का, हे उपग्रहाच्या चित्रांवरून पाहायचं काम माझ्याकडे होतं. त्या चित्रांत हिरवळ लाल दिसते. वणव्यानंतरच्या चित्रात डोंगर काळपट होता, नव्यात लालभडक. मी खूश! आता फक्त बारा ठिकाणी स्वतः जाऊन, तिथं खरंच काय उगवलंय ते तक्त्यात लिहायचं होतं. अवघड असं काय होतं त्यात?

पायथ्याशी काशिनाथमामा भेटले. रोजंदारीवरचे वनमजूर. जळालेल्या उतारावर सागाची, आवळ्याची रोपं त्यांनीच लावली होती, गुरांपासून राखली होती.

"साहेब, वर चला," ते म्हणाले. "समदी घाणेरी माजली. तिच्याखाली रोपं मरून राह्यली."

घाणेरी म्हणजे ती काटेरी झुडपं. चित्रात तीही लालच दिसते. हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं — म्हणून तर वर चढायचं असतं.

पण ऊन फार होतं, आणि चारची एसटी गाठायची होती. येतो पुन्हा, असं मामांना सांगून मी टपरीवर चहा घेत बाराही रकाने भरले. साग, साग, आवळा... एका ठिकाणी मुद्दाम 'नुसतं गवत' लिहिलं — खरं वाटावं म्हणून. हे जास्त लागतं मला. आळस समजू शकतो, पण ते गवत?

अहवाल गेला. जंगल आपोआप सावरतंय म्हटल्यावर लागवड आणि राखण कशाला? दोन्ही बंद झाली. मामांचं कामही गेलं.

काही वर्षांनी जाफराबादच्या स्टँडवर त्यांनीच मला ओळखलं. भरलेल्या जीपमधून माझ्यासाठी खाली उतरले. डोंगर माथ्यापर्यंत घाणेरीनं खाल्ला, म्हणाले. मी खाली बघत राहिलो, तर उलट मलाच समजावू लागले.

"तुम्ही बराबर लिहिलं असंल, साहेब. वरच्यांनी ऐकलं न्हाई."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी मान हलवली. "हो मामा," म्हणालो, "नाही ऐकलं."

मामा आता नाहीत. जाईपर्यंत ते मला भला माणूसच समजत होते.