घरचा वाफा

भाजीने भरलेल्या पेट्यांची हातगाडी एकटा ओढतो म्हणून लोक त्याला पोलाद म्हणत. ही थट्टा की कौतुक, याच्या खोलात तो कधी शिरला नाही. कौतुकच असणार, असं धरून चालला. अशा माणसाला चक्कर येणं म्हणजे अब्रूचाच प्रश्न. आली तीही बाजारात, वजनकाट्यासमोर, चारचौघांच्या देखत.

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि पुन्हा बांधला.

"घरात कुणाला होता हा त्रास?"

"सासऱ्यांना," बायको म्हणाली. "ह्यांच्याच वयाचे होते. शेतात पडले ते उठलेच नाहीत."

पोलाद छताकडे बघत बसला. वडिलांचा विषय निघाला की तो असाच कुठेतरी बघे. तो मनातून घाबरला होता, आणि ते फक्त बायकोला कळलं.

"गोळी रोज, न चुकता. मीठ निम्म्यावर आणा. मटण आणि खारवलेले मासे विसरा. डाळी, फळं, पालेभाज्या भरपूर खा," बाई म्हणाल्या. "तुमचं काय, दारातच मळा आहे."

यावर नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं नाही, हे बाईंच्या लक्षात आलं नाही.

कारण त्या भागात भाजी पिकवणाऱ्यांच्या घराघरांत एक नियम होता. लिहिलेला नव्हता, म्हणून तो काटेकोर पाळला जाई. मळ्यातली भाजी विकायची, खायची नाही. औषधाच्या बाटलीवर स्पष्ट छापलेलं असतं की फवारल्यावर अमुक दिवस तोडणी करू नका. पण भाव चढला की सगळ्यांचंच अक्षरज्ञान कमी होतं. परवा फवारलेला सॅलडचा पाला आज पेटीत जाई. पान कसं हिरवंगार, एक भोक नाही. गिऱ्हाईक भोकं बघतं आणि खूश होऊन घरी जातं. पिकवणारा मात्र मटण खातो, कारण बोकडावर कुणी फवारत नाही.

आता मटणही गेलं. मग पोलादने घरामागे वाफा काढला. पालक, मुळा, सॅलड, कडेला वाल. त्यावर औषधाचा एक थेंब नाही. किड्यांनी पानांची जाळी केली तरी हा माणूस वाकून वाकून एकेक अळी हाताने वेचायचा. मळ्यात अळी दिसली की पंप पाठीवर घेणारा तोच हा.

सुरुवातीला ताटाकडे बघून त्याने "मी काय गुरासारखा पाला खाऊ?" असं बायकोला विचारून पाहिलं. "नाही हो, गुराला अक्कल असते," ती म्हणाली. त्याने मुकाट्याने घास घेतला. हळूहळू जिभेला सवय झाली. गोळी आणि पाला दोन्ही सुरू, आकडा उतरला, डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. आणि मग पोलादला कंठ फुटला. पारावर म्हणू नका, चहाच्या टपरीवर म्हणू नका, दिसेल त्याला तो मिठाचे तोटे सांगू लागला. आपल्या पेट्या घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही त्याने ऐकवलं, "हिरवं खात जा, शेठ. जीव वाचतो." कुठलं हिरवं, ते तेवढं सांगितलं नाही.

शहरातल्या मुलीचा फोन आला तेव्हा ट्रक दारात उभा होता आणि पेट्या चढत होत्या. तिला दिवस गेलेले, पहिलीच खेप. बायकोने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"बाबा, माझंही प्रेशर वाढलंय. आपल्या घरातच आहे ना ते. डॉक्टरांनी गोळी दिलीय. पण तुम्ही काळजी करू नका. तुम्ही पाल्यावर बरे झालात ना, मीही तेच करतेय. दोन्ही वेळेला वाडगाभर सॅलड, कच्चंच."

"कुठलं?" पोलादने विचारलं.

"बाजारातलं. पण पेटीवर तुमचा शिक्का बघूनच घेते. दुसऱ्याचा काय भरवसा, बाबा? काय काय मारतात लोक."

पोलादच्या हातातली पेटी खाली आली. बायको त्याच्याकडे बघत होती, आणि या वेळी तिने नजर हटवली नाही. "धुऊन खा" म्हणावं, विषय बदलावा, रेंज नाही म्हणून फोन ठेवावा, सगळं त्याला सुचलं. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

"ते खाऊ नकोस, बाळ," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "परवाच फवारलंय. दर वेळी असंच असतं."



"मग बाबा," मुलीने विचारलं, "तुम्ही काय खाता?"