सीटखालची उर्दू वही

नोकरी सोडल्यावर मी घरात बसून काय करणार, याची काळजी माझ्यापेक्षा बाबांनाच जास्त होती. मी एक गाडी आणली. साठेक वर्षांपूर्वीची, ब्रिटिश बनावटीची, दोनच सीटांची. छत कापडी, तेही उंदरांनी कुरतडलेलं. मलकपेठेत एका जुन्या बंगल्याच्या आवारात ती ताडपत्रीखाली उभी होती. मालक वारले होते. त्यांच्या बेगमसाहेबांनी मला तीनदा विचारलं, "तुम खुद बनाते इसकू? अपने हाथ से?" मी हौ म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

बरकतपुऱ्यात आमच्या दारात ती टेम्पोतून उतरली. बाबा व्हरांड्यात बसले होते. नव्वदीला टेकलेत ते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"एवढी शिकलीस, आणि भंगार घेऊन आलीस?"

त्या भंगारात माझं सव्वा वर्ष गेलं. सडलेला पत्रा कापून नवा बसवून घेतला. दोन्ही कार्ब्युरेटर जेवणाच्या टेबलावर खोलले आणि बारीक स्प्रिंगा, जेट हरवू नयेत म्हणून इडलीपात्राच्या खळग्यांत ओळीनं मांडून ठेवले. बरेच दिवस आमच्याकडे इडली झाली नाही.

एका सकाळी इंजिन लागलं. गल्लीतली माणसं गेटाशी जमली. पण करंट दाखवणाऱ्या अँपमीटरचा काटा उलटा पळायला लागला, वायर तापून तिचा वास सुटला आणि मी घाबरून इंजिन बंद केलं. महिनाभर हेच. कोठीच्या बाजारातून आणलेला इलेक्ट्रिशियनही डोकं खाजवत परत गेला.

शेवटी एकेक वायर शोधायची म्हणून मी ड्रायव्हरची सीट काढली. खाली रेक्झिनच्या तुकड्यात गुंडाळलेली एक वही निघाली. मलकपेठेतल्या त्या घरच्या जुन्या मेकॅनिकची असावी. पानापानावर गाडीच्या आकृत्या आणि शेजारी बारीक उर्दू. मला उर्दू बोलता येतं, वाचता येत नाही. मी वही बाबांपुढे धरली. ते परभणीकडचे, निजामी अमलात चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेले.

"सत्तर-पंच्याहत्तर वर्षं झाली गं," म्हणाले, पण बोट उजव्या कडेला टेकलंसुद्धा. ओठ हलायला लागले. दोन पानं गेली नि ते थबकले. "मुसबत तार बॉडी से. याद रहे, उल्टा है."

"मुसबत म्हणजे?"

"प्लस गं. प्लसची तार गाडीच्या अंगाला लावायची म्हणतोय. तू कोणती लावलीस?"

मी मायनस लावली होती, सगळे लावतात तशी. त्या दिवशी मी जोडणी फिरवली, वहीत लिहिल्याप्रमाणे डायनामोही त्या जोडणीशी जुळवून घेतला, आणि काटा शहाण्यासारखा उजवीकडे सरकला. बाबांनी व्हरांड्यातून टाळ्या वाजवल्या.

मग ते रोज नाश्ता झाला की वही उघडायचे. मी गाडीखालून विचारायची, ते वरून वाचायचे. एकदा ते वाचता वाचता हसायलाच लागले.

"काय झालं?"

"हे गाडीचं नाही. ऐक. 'आज बेगमसाहेबांनी दुसरा गियर टाकला. गेटाचा खांब थोडक्यात वाचला. साहेबांना माहीत नाही.'"

पुढे पानामागून पान तेच. बेगमसाहेबा चोरून गाडी शिकत होत्या. शेवटी त्या मेकॅनिक उस्तादांनी लिहिलं होतं, 'आता त्या माझ्यापेक्षा छान चालवतात. साहेबांना अजूनही माहीत नाही.'

गाडीला गडद हिरवा रंग चढला, तशी आम्ही दोघं ती घेऊन मलकपेठला गेलो. बेगमसाहेबा काठी टेकत बाहेर आल्या. बाबांना त्या खोल सीटमधून उठवणं म्हणजे पाच मिनिटांचं काम, म्हणून त्यांनी बसल्या बसल्याच ते पान वाचून दाखवलं.

बेगमसाहेबांनी तोंडावर हात ठेवला. "हाय अल्ला! उस्ताद लिख के रख दिए?" आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"एक चक्कर मारणार?" मी विचारलं.

त्यांनी काठी माझ्या हातात दिली, चपला काढल्या आणि स्टिअरिंगमागे बसल्या. दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली ती थेट आवारातल्या चिंचेला वळसा घालून. बाबा दार घट्ट धरून "आहिस्ता! आहिस्ता!" ओरडत होते आणि त्या दुसरा गियर टाकत होत्या. एक चक्कर म्हणता म्हणता चार झाल्या. मी काठी धरून आवाराच्या मधोमध उभी होते आणि माझं हसू थांबत नव्हतं.

वही मी त्यांनाच दिली. वायरिंगच्या पानांचे फोटो तेवढे आधी काढून घेतले होते. त्यांनी ती ओढणीत धरून बजावलं, "अगले इतवार कू आना. पेट्रोल भर के."

तेव्हापासून दर रविवारी बाबा आठ वाजताच इस्त्रीचा शर्ट घालून गेटाशी उभे असतात, आणि माझा चहासुद्धा झालेला नसतो.