विल्या की शशिकला

दुपारचे तीन वाजतात आणि बाहेर अंधार पडतो. स्वीडनच्या डिसेंबरात हे रोजचंच, तरी मला अजून सवय झालेली नाही. मुलगी दूध पिता पिता छातीशीच झोपली आहे. तिच्यासकट मी सोफ्यावर कलंडते. झोपायचं नाही असं मनाशी ठरवते, कारण उद्या बारसं आहे आणि नावाचा तिढा सुटलेला नाही.

तिढा मीच घातलाय. मला तिचं नाव विल्या ठेवायचं आहे. इथल्या भाषेतला हा साधा शब्द, मुलींचं नाव म्हणूनही चालणारा. अर्थ इच्छा, स्वतःची मर्जी. माझा नवरा निनाद "छान आहे" म्हणाला आणि गप्प झाला. त्याच्या मोठ्या बहिणीने, हर्षाताईंनी, साताऱ्याहून फोनवर विचारलं, "विल्या? अगं, शेजारच्या विलासला हाक मारल्यासारखं वाटतंय." मी हसले. त्या मात्र रडायला लागल्या. सासूबाई गणपतीत गेल्या, मुलगी दिवाळीनंतर झाली. आईच परत आल्यात, तेव्हा नाव शशिकलाच हवं, असं सगळ्या घराचं म्हणणं.

उद्या आत्या म्हणून हर्षाताईच बाळाच्या कानात नाव सांगणार, फोनवरून. फोन मी धरणार. परवा त्या थकून म्हणाल्या, "तू आई आहेस, तू सांगशील ते नाव घेईन." भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. सासूबाईंच्या शेवटच्या दर्शनाला मी जाऊ शकले नाही, डॉक्टरांनी विमान नको म्हणून सांगितलं होतं. आता त्यांचं नावही मी दारातून परत पाठवतेय. रोज आंघोळ घालताना मुलीच्या तोंडाकडे बघते आणि मलाच चोरट्यासारखं होतं.

मी तळघरात उभी आहे. ही आमच्या इमारतीची सगळ्यांची धुलाईची खोली, इथे कपडे धुवायला आधी वेळ नोंदवावी लागते. मशीन गरगरतंय. टेबलाशी सासूबाई उभ्या आहेत, पातळावर निनादचा जुना स्वेटर घातलेला, आणि झबल्यांच्या घड्या करतायत.

"आई, तुम्ही? वेळ कुणी नोंदवली?"

"तुझ्याच नावावर हाय की. धर हे." त्या माझ्या हातात झबलं देतात. "किती पातळ गं. एवढ्या थंडीत हे घालतीयस पोरीला?"

झबलं गरम आहे. मी ते छातीशी धरते.

"आई, मला यायचं होतं."

"हं." त्या दुसऱ्या झबल्याची बाही सरळ करतात. "नाव काय ठेवतीयस?"

"विल्या."

"म्हंजे काय?"

"इच्छा. आपल्या मनाची मर्जी."

"कुणाच्या मनाची?"

"तिच्या."

"सध्या तरी तुझ्याच दिसतीय."

त्या कपड्यांची बादली उचलतात आणि जिन्याकडे निघतात. मीही मागोमाग चढते. पायऱ्या चढता चढता पायाखाली सतरंजी लागते. कराडचं मंगल कार्यालय. लोखंडी खुर्च्या, भिजलेल्या मोगऱ्याचा वास, कुठेतरी वाढप्यांची गडबड. मधोमध पाट, पाटासमोर ताट, ताटात तांदूळ पसरलेले. सासूबाई पाटावर बसलेल्या. माझ्याहून लहान दिसतायत, कपाळाला मुंडावळ्या, अंगात अजून तोच स्वेटर.

"इथंच लिवलं," त्या ताटाकडे बोट करतात. "ह्यांचं नाव शशिकांत, म्हणून मी शशिकला. अंगठीनं तांदळात लिवलं ह्यांनी. मी वाकून वाचलं तेव्हा मला कळलं माझं नाव. कुणीतरी विचारलं, आवडलं का गं? मी मान हलवली. मग सगळे जेवायला गेले."

माझा जीव भांड्यात पडतो. "मग हे तुम्ही ताईंना सांगा ना! की हे नाव पुढे नको."

"मी कशाला सांगू? तुझं भांडण माझ्या तोंडून भांडतीयस व्हय?" त्या मान तिरकी करून बघतात. निनादही असाच बघतो. "माफी मागायला आलीस का परवानगी घ्यायला?"

"दोन्ही."

यावर त्या हसतात, पुढच्या दातांतल्या फटीसकट. हे हसणं मी पार विसरले होते. मला त्यांची इतकी आठवण येते की त्यांच्यासमोरच उभं राहून मी रडते.

"रडू नको. ठेव तुला हवं ते. तिला कुठं आत्ता बोलता येतंय. पण मोठी झाली आणि म्हणाली, मला हे नाव नको, तर मी किती हौसेनं ठेवलं होतं म्हणून डोळ्याला पदर लावायचा न्हाई. बदलू द्यायचं. कबूल?"

मी अगदी तेच केलं असतं.

"कबूल," मी उशिरा म्हणते. मग कधीच विचारायला हवं होतं ते विचारते. "आई, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?"

"आत्ता सुचलं व्हय तुला?"

त्या माझं डोकं जवळ ओढतात, कानाभोवती हाताची ओंजळ धरतात आणि आत्या करते तसं "कुर्रर्र" करून नाव सांगतात. लहानसं, गोड नाव आहे.

"लिही," म्हणतात.

मी ताटावर वाकते. बोट तांदळात घालते. पहिलं अक्षर काढते.

बाळ रडतंय. माझ्याच छातीवर रडतंय. सोफा, खिडकीतला दिवा, बाहेरचा अंधार. कान गरम आहे आणि नाव गेलंय. मी ओठ हलवून बघते, काहीच येत नाही.

उजव्या हाताच्या बोटाला काहीतरी टोचतं. नखात तांदळाचा दाणा अडकलाय. आज घरात तांदूळ काढलेलेच नाहीत, निनादने पोळीभाजी केली होती.

तो धावत येतो, मुलीला खांद्यावर घेतो.

"निनाद, लग्नाआधी आईंचं नाव काय होतं?"

"आईचं?" तो मुलीला थोपटत राहतो. "मामा तर माईच म्हणायचे." मग त्याचा हात थांबतो. "ताईला विचारू."

निनाद हर्षाताईंना स्पीकरवर फोन लावतो. "मला माहीत नाही रे," त्या म्हणतात. "मामाही गेले आता. कुणाला विचारायचं?" आणि मग मला, "मग आईचं म्हणून उद्या मी कुणाचं नाव सांगणार होते गं?"

आईंचं पहिलं नाव मला घटकाभरापूर्वी माहीत होतं, हे त्यांना कसं सांगू?

"विल्या सांगा, ताई," मी म्हणते. "नाही आवडलं तर ती बदलेल."

"बरं," त्या म्हणतात. माझंच झालं, पण बरं काही वाटत नाही. दाणा पडू नये म्हणून मी ते बोट दुसऱ्या मुठीत धरून बसते.